पणजीत दोघंच, अडीच दिवस (चोर्ला घाटामार्गे)

वडगावची_बाई

नमस्कार मंडळी. गोव्याला कसं जायचं, कुठं राहायचं म्हणून इथं सारखं विचारलं जातं आणि उत्तरं सगळी बीचची असतात, म्हणून हा धागा वेगळा काढायलेय. दिवाळीनंतर, कार्तिकात, मी आणि आमचे हे असे दोघंच पणजीला राहून आलो. लग्नाला २४ वर्षं झाली आणि दोघांनीच कुठं जायची ही पहिली वेळ. एरवी सासूबाई, पोरं, नणंदेची पोरं, डबे, पाण्याचा कॅन असं सगळं बिऱ्हाड घेऊनच निघतो आम्ही. आता मुलगा पुण्याला, सासूबाई धाकट्या दिरांकडं, आणि ह्यांनी दुकानाला दोन दिवस कुलूप लावायचं कबूल केलं. हे एवढं जुळायला दोन वर्षं गेली.

बेळगावच्या माणसाला गोवा नवीन नाही. मीच सात-आठ वेळा गेलेय. पण साखळी, डिचोली, म्हापसा करून सरळ कळंगुटला, पाण्यात डुंबायचं आणि काळोख पडायच्या आत घाटाला लागायचं. पणजी त्या वाटेवर लागतच नाही. म्हणून ह्या वेळी ठरवलं की समुद्राकडं फिरकायचंच नाही, शहर बघायचं, आणि चालत बघायचं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. जांबोटीला चहा, कणकुंबीला माउलीच्या देवळात पाया पडलो. मलप्रभेचा उगम तिथंच. चौथीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते मी हे, की आपल्या तालुक्यातनं एक नदी पूर्वेला जाते आणि एक पश्चिमेला. मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं, आणि इथनंच पलीकडं भीमगडच्या रानात उगवलेली म्हादई गोव्यात उतरते, खाली तिलाच मांडवी म्हणतात. शिकवते खरी, पण पणजीच्या धक्क्यावर उभं राहून तो रुंद पट्टा बघितला तेव्हा ह्यांना म्हटलं, हे आपल्या खानापूरच्या रानातलं पाणी बघा. हे काही बोलले नाहीत, खाली वाकून हात बुडवायला पायरी कुठं मिळते का बघायला लागले.

घाटात खड्डे होते, त्यामुळं पोचायला साडेदहा झाले. आणि तिथं पहिलाच फटका. ऑनलाईन बुक केलेल्या खोलीच्या फोटोत खिडकीतनं नदी दिसत होती, प्रत्यक्षात खिडकी उघडली तर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि पाईप. वर गाडी लावायला जागा आहे म्हणून लिहिलेलं, तीही नाही. नाव लिहीत नाही. अर्धा तास वाद घालून झाल्यावर ह्यांनीच सांगितलं की दोन दिवस आहेत, त्यातला एक तास पण ह्याला द्यायचा नाही, चल. गाडी पाटोला, म्हणजे पणजीच्या स्टँडच्या भागात, ठेवली आणि सोमवार सकाळपर्यंत हात लावला नाही. सांगायचं एवढंच की पणजीतल्या ह्या फोंतेन्हास भागात राहणार असाल तर आधी फोन करून गाडीचं विचारा, गल्ल्या आपल्या खडेबाजारातल्या बोळांपेक्षा अरुंद आहेत.

फोंतेन्हास म्हणजे झऱ्याच्या नावावरनं पडलेलं नाव. पूर्वी तिथं नारळाची बाग होती, मालक मोझांबिकहून पैसा कमावून परत आलेला, म्हणून लोक त्याला मोस्मीकार म्हणायचे. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लोखंडी कठड्याचे सज्जे, दारावर नळ्यांची कौलं. मला सगळ्यात आवडल्या त्या खिडक्या. काचेच्या जागी शिंपल्या आहेत! चपट्या, तळहाताएवढ्या शिंपल्या घासून चौकोनी कापून लाकडाच्या पट्ट्यांत बसवलेल्या. एका घराच्या दुरुस्तीचं काम चाललेलं, खिडकीची चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. मिस्त्रीला विचारून हात लावला. कागदासारखी पातळ पण अभ्रकासारखे थर जाणवतात, आणि मागं हात धरला की हात दिसत नाही, नुसता उजेड दुधासारखा पसरून येतो. ऊन आत आणि बघणारा बाहेर. मिस्त्री म्हणाला आता अशा बसवणारे थोडेच राहिलेत.

पण तिथंच एक वाईट पण वाटलं. एका आजींच्या ओट्यावर तीन-चार जण चढून फोटो काढायलेले, एकजण तर त्यांच्या दाराला टेकून. आजींनी आतनं काही न बोलता खिडकी ओढून घेतली. ती माणसांची राहती घरं आहेत. आपल्या वाड्याच्या सोप्यात कोणी असं घुसलं तर चालेल का आपल्याला? कृपा करून तिथं गेलात तर रस्त्यावरनंच बघा आणि आवाज हळू ठेवा.

रविवारी सकाळी सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलात मिस्सा होता म्हणून ते उघडं मिळालं, एरवी बंद असतं. मागं उभे राहिलो. कोंकणीतली प्रार्थना, निम्मी कळली. तिथला क्रूस मुद्दाम बघण्यासारखा. येशूची मान खाली पडलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १५६० ते १८१२ चाललं ते, धर्माच्या नावानं चौकशा, छळ, शिक्षा. म्हणजे चौकशीला आणलेल्या माणसाला समोर हेच उघडे डोळे दिसत असणार. आमचे हे देवाधर्माच्या बाबतीत फार बोलणारे नाहीत, पण तिथनं बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, त्यानं पण सगळं बघितलं असणार की गं.

संध्याकाळी मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर बसलो, ते पांढरं, नागमोडी जिन्यांचं. मूळ चॅपेल १५४१चं, आताची वास्तू १६१९ची. लिस्बनहून महिनोन्महिने समुद्रात काढून आलेले खलाशी आधी इथं येऊन देवाचे आभार मानायचे म्हणे. तेवढ्यात घंटा वाजली. ती घंटा इथली नाहीच, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली, १८७१ला इथं आणून टांगली. क्रूस तिकडनं आला, घंटा तिकडनं आली, राजधानीच तिकडनं उठून आली १८४३ला. मग ज्या गावातनं एवढं सगळं निघून आलं त्या गावात आता काय उरलंय ते बघायचं म्हणून सोमवारचा बेत बदलला. आधी जुन्या गोव्यात तासभर घालवून बेळगावला परतायचं होतं, ते अख्खा दिवस केला. तो पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, दळण आणायला जायचंय.

निपाणीचा_गडी

ताई एकच नंबर. आम्ही दोघं पण कधीच गेलो नाही, आई-वडील घरी असले की बाहेर पडतानाच कसंतरी वाटतंय. खर्च किती आला सांगा की. आणि शाकाहारी माणसाचं काय, आमची मंडळी अंडं पण खात नाही.

अनगोळकर_काका

वाचून फार बरं वाटलं. १९६१च्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो. लष्कर तेव्हा बेळगावात गोळा झालं होतं, कॅम्पाच्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपायची नाही. आमची आई आणि गल्लीतल्या बायका जवानांना भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून द्यायच्या. आम्हा पोरांना एवढंच ठाऊक की हे गोव्याला चाललेत. १९ डिसेंबरला पणजी घेतली म्हणून रेडिओवर आलं तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. त्याच्या आधी सत्याग्रहाला जाणारी माणसं पण बेळगावातनंच जायची, घराघरात उतरायची. पणजीत आदिलशहाच्या वाड्यापुढं उभा राहिलो की अजून मला ते ट्रकच आठवतात.

वडगावची_बाई

काका, हे लिहून ठेवा सविस्तर, वेगळा धागा काढा, आमच्या शाळेतल्या पोरांना वाचून दाखवते मी.

निपाणीचा_गडी, खोली रात्रीला २२००, दोन रात्री. पेट्रोल, खाणं, फेरीबोट धरून सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. शाकाहाराची काळजीच नको. सकाळी भाजी-पाव, पातळ भाजी, सोबत बन. दुपारी थाळीत खतखतं मिळालं तर सोडू नका, पाच-सात भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि तिरफळ. तिरफळाचा वास पहिल्यांदा वेगळा लागतो पण दुसऱ्या घासाला कळतं. ह्यांचा सोमवार असतो म्हणून ह्यांनी शनिवार-रविवारीच मासे खाऊन घेतले. आणि पोई घ्या, कोंड्याचा पाव, पोकळ, आपल्या भाकरीच्या जवळ जाणारी चव.

आई-वडिलांचं म्हणाल तर माझ्याही पोटात गोळा होता हो. सासूबाईंना फोन केला तर त्याच म्हणाल्या, माझ्या वाट्याला आलं नाही, तुम्ही तरी जावा. मग निघालोच.

रुळावरचा_माणूस

गाडी नसलेल्यांसाठी. बेळगाव स्टँडवरनं पणजीच्या थेट बसा आहेत, आपल्या पण आणि गोवा सरकारच्या कदंबच्या पण. पणजीचा स्टँड पाटोलाच आहे, तिथनं खाडीवरचा छोटा पूल ओलांडला की दहा मिनिटात फोंतेन्हास, रिक्षा पण लागत नाही. वेळ असेल तर रेल्वेनं जावा, गोवा एक्स्प्रेस बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरते, दूधसागर खिडकीतनं दिसतो, पावसाळ्यात तर तुषार अंगावर येतात. मडगावला उतरून कदंबच्या शटल बसनं पणजी.

शहापूरची_लेक

मी लग्न होऊन पर्वरीला असते, मांडवीच्या पलीकडच्या काठावर, माहेर शहापूर. वडगावची_बाई, तुमच्या त्या आजींचं वाचून गलबलून आलं, फोंतेन्हासमधली माणसं खरंच वैतागलीत ह्या फोटोंच्या प्रकाराला. दोन गोष्टी राहिल्या तुमच्या. एक, महालक्ष्मीचं देऊळ. पोर्तुगीज राजवटीत पणजीत बांधायला परवानगी मिळालेलं ते पहिलं देऊळ, १८१८चं. माहेरची माणसं आली की मी आधी तिथं नेते. दुसरं, पाटोलाच सेंट्रल लायब्ररी आहे, तिची सुरुवात १८३२ची, देशातली सगळ्यात जुनी सार्वजनिक लायब्ररी. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगते, मराठी पुस्तकांचा विभाग बघून जावा पुढच्या खेपेला.

आणि आब्बे फारियाचा पुतळा बघितला का? वाड्याच्या शेजारीच. बाईवर हात उगारलाय असं वाटतं लांबनं, लोक घाबरतात. तो संमोहनशास्त्राचा मोठा माणूस, १७५६ला कांदोळीत जन्मला आणि पॅरिसला नाव काढलं.

वडगावची_बाई

पुतळा बघितला, ह्यांना आधी वाटलं भांडण चाललंय! देऊळ आणि लायब्ररी राहिली. पुढच्या खेपेला तुमच्याकडं कुंदा घेऊन येते.

आता सोमवार. पणजीहून जुनं गोवं दहा किलोमीटर, नदीकाठानं रायबंदरवरनं. तो रस्ता स्वतःच बघण्यासारखा, पोर्तुगीजांनी १६३४च्या सुमाराला चिखलातनं, मिठागरांतनं तीन किलोमीटरपेक्षा लांब बांध घातला, अजून त्याच्यावरनं गाड्या जातात.

बाँ जेझूच्या चर्चला बाहेरनं गिलावा नाही, उघडा चिरा. आपल्या जांबोटीकडच्या घरांचा दगड तोच असल्यामुळं मला ते परकं वाटलंच नाही. १६०५ला पुरं झालं. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत उंचावर, खाली संगमरवराचा चौथरा, तो इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकनं पाठवलेला. दर दहा वर्षांनी शव दर्शनाला खाली आणतात, आत्ताचं २०२४च्या नोव्हेंबरापासून जानेवारीपर्यंत झालं, त्यामुळं आता गर्दी नाही. खांदे, गुडघे झाकलेले कपडे घाला, नाहीतर दारात अडवतात.

समोर से कॅथेड्रल. हे लांबनंच म्हणाले, ह्याला एकच बुरूज कसा? दुसरा १७७६ला पडला आणि परत बांधलाच नाही. तोवर गावच ओसाड पडायला लागलेलं. एके काळी गोवं बघितलं त्यानं लिस्बन नाही बघितलं तरी चालेल असं म्हणायचे, आणि साथींनी माणसं अशी मरायला लागली की व्हाइसरॉयनंच मुक्काम हलवला. मागं हिरवळ, चर्च, आणि मधली घरं, बाजार, गल्ल्या काहीच नाही. सगळं गेलं. तिथं शेजारी पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, ते शुक्रवारी बंद असतं, लक्षात ठेवा.

खरा जीव अडकला तो ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यात. टेकडीवर आहे, टुरिस्ट बस तिकडं फार थांबत नाहीत. ४६ मीटर उंच, चिऱ्याचा, अर्धा कापल्यासारखा, आतनं आकाश दिसतं. १८३५ला साधूंना घालवून दिलं, १८४२ला छत कोसळलं, १९३१ला समोरची बाजू पडली. काल संध्याकाळी ऐकलेली घंटा ह्याच्यात होती! मी ह्यांना ते दाखवलं, की बघा, आवाज तिकडं राहिला आणि घर इथं. खाली जमिनीत फरशीवर कोरलेले थडग्यांचे दगड, त्यावरनं आपण चालतो.

आणि इथली एक गोष्ट मी शाळेत सांगणार आहे. जॉर्जियाची केतेवान नावाची राणी, धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ला इराणात शहा अब्बासच्या हुकमानं तिला छळून मारलं. ऑगस्टिनच्या साधूंनी तिच्या अस्थी लपवून गोव्यात आणल्या आणि ह्या मठात पुरल्या. तिच्या देशातली माणसं किती वर्षं शोधत होती. पुरातत्त्व खात्याला हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, तिचंच असावं असं निघालं, आणि २०२१ला भारतानं जॉर्जियाला अस्थी दिल्या. एवढ्या लांबची बाई, आणि चारशे वर्षं इथं चिऱ्याखाली झोपलेली.

तिथनं फेरीत गाडी घालून दिवाडी बेटावर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्व्याला.

हलशीकर

नार्व्याला गेलात? सप्तकोटेश्वर? मग थांबा, इथं मला बोलू द्या. मी हलशीचा. आमच्या गावातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघितलंय ना सगळ्यांनी, १२व्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. त्यांचं राज्य गोव्यात पण होतं आणि इथं हलशीला पण, म्हणजे खानापूर आणि गोवा तेव्हा एकाच राजाचं. आणि त्या कदंबांचं कुलदैवत कोण? सप्तकोटेश्वर. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराचा वर मिळालेला म्हणून लिहिलंय. कदंब बसचं नाव पण त्यांच्यावरनंच. आमच्या गावची पोरं गोव्याला कामाला जातात, त्या बसमध्ये बसतात, आणि आपल्याच गावच्या राजाचं नाव आहे हे कुणाला म्हाईत नसतं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

वडगावची_बाई

दादा, हे मला तिथं जाण्याआधी कळलं असतं तर! मला देवळाचा पुढचाच इतिहास ठाऊक होता. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पाडलं, लोकांनी लिंग रातोरात नदीपलीकडं नेऊन लपवलं. मग १६६८ला शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ बांधून घेतलं, दारावर शिलालेख आहे. ह्यांनी चप्पल बाहेरच काढून त्या लेखापुढं आधी हात जोडले, आणि मग आत गेले. घुमट आहे, दीपमाळ आहे, मागं झाडी. कार्तिकातला सोमवार, अभिषेक चाललेला. गर्दी मोजकी पण सगळी गावातली, एक बाई मला पणत्या लावायला बोलावून घेऊन गेली, कुठनं आलात म्हणाली, बेळगाव म्हटलं तर म्हणाली, मग तुम्ही आमच्याच कडचे.

म्हणजे लिंग पण नदी ओलांडून आलेलं. मी ह्यांना आदल्या दिवशीच म्हटलं होतं की क्रूस तिकडनं, घंटा तिकडनं. फरक एवढाच की त्या दोन गोष्टी सत्तेनं हलवल्या, आणि हे लिंग गरीब माणसांनी जिवावर उदार होऊन हलवलं. मला त्या दीपमाळेपाशी रडू आलं, खरंच सांगते.

चिकोडी_एक्स्प्रेस

म्हादईचं लिहिलंय म्हणून विचारतो, कळसा-भांडुराचं नक्की काय...

वडगावची_बाई

भाऊ, पाणीवाटपाचा विषय मोठा आहे, हलका नाही, आणि दोन्हीकडं आपलीच माणसं आहेत. त्याचा वेगळा धागा काढा, मी येईन तिथं. हा फिरण्याचा राहू दे.

निपाणीचा_गडी

दिवाडीच्या फेरीत चारचाकी सहज चढते का? आमची मोठी गाडी आहे. आणि शेवटची फेरी कितीला?

शहापूरची_लेक

चढते. फळीवरनं उतरताना हळू, भरती-ओहोटीप्रमाणं उतार कमी-जास्त असतो, बोटीवरची माणसं हातानं दाखवतात तसंच घ्यायचं. नार्व्याकडची फेरी सारखी नसते, धक्क्यावर विचारूनच पुढचं ठरवा. दुपारी तीनच्या आत ओलांडलात तर उजेडात डिचोली, साखळी आणि घाट होतो.

वडगावची_बाई

हो, आम्ही अडीचला ओलांडली. केरीला चहा घेतला, चोर्ल्याच्या वळणावर सूर्य बुडाला, कणकुंबीला परत थांबलो. देवळात आरती चाललेली. ह्यांनी डिकीतनं बाटली काढली, पणजीच्या धक्क्यावर पायरी सापडली नव्हती तरी दिवाडीच्या फेरीतनं उतरताना वाकून भरून घेतलेली. खारट असणार म्हटलं. असू दे म्हणाले, आणि तुळशीत नको म्हणून मागच्या आंब्याच्या बुंध्याशी ओतली.

निपाणीचा_गडी

आईला आत्ताच सांगितलं. हो म्हणाली. येत्या शनिवारी निघतोय, पाटोलाच गाडी लावतो.